अग्नीविना अग्निबाण : शालेय विज्ञानातील एक प्रयोग आणि मोठ्यांचे कर्तव्य

हिवाळ्याचे दिवस आले, की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनांची तयारी सुरू होते. वर्गखोल्यांतून टेबले मांडली जातात, रंगीत कागदांची सजावट होते आणि विद्यार्थी आपापल्या प्रतिकृतींजवळ उभे राहून पाहुण्यांना माहिती सांगू लागतात. या प्रतिकृतींत अलीकडे पाण्याच्या व हवेच्या दाबावर उडणारा बाटलीचा अग्निबाण वरचेवर दिसतो. चांद्रयान-३ ने २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात यान उतरविले, तेव्हापासून मुलांच्या मनात अग्निबाणाविषयी असलेले कुतूहल अधिकच वाढले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय.

तथापि टेबलाजवळ थोडा वेळ थांबून चौकशी केली, तर पुष्कळदा निराळेच चित्र आढळते. बाण वडिलांनी किंवा मोठ्या भावाने बांधलेला असतो, तक्ता कोणा चित्रकाराकडून रंगवून आणलेला असतो आणि मुलाने न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ केलेला असतो. “बाटलीत पाणी याहून अधिक भरले तर काय होईल?” एवढे विचारताच मूल गोंधळून शिक्षकांकडे पाहू लागते. बाण उत्तम असतो. परंतु ज्याच्यासाठी तो करावयाचा, त्याच्या हाती त्यातले काहीच लागलेले नसते. मुलास मदत करावी हे खरेच. ती कोणत्या कामात करावी आणि कोठे हात आखडता घ्यावा, याचा विचार शिक्षकांनी, पालकांनी आणि गावाच्या कारभाऱ्यांनी करणे अगत्याचे आहे. बाटलीचा अग्निबाण हे त्या विचारासाठी चांगले उदाहरण आहे. कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि निष्काळजीपणा केल्यास इजा होण्याचा संभवही आहे.

थुंब्याचा धडा

भारताच्या अवकाश संशोधनाचा आरंभ केरळमधील थुंबा या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या गावी झाला. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते, म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा पसंत केली. गावातील चर्चच्या इमारतीत कचेरी व कार्यशाळा थाटण्यात आली. अग्निबाणाचे सुटे भाग सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. तो अमेरिकन बनावटीचा ‘नायके-अपाचे’ होता.

यानंतर चारच वर्षांनी, १९६७ साली, थुंब्याहून ‘रोहिणी-७५’ हा भारतीय बनावटीचा बाण उडाला. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर होता. म्हणजे शीतपेयाच्या एक लिटरच्या बाटलीच्या जवळपास. नायके-अपाचेच्या तुलनेत तो अगदीच लहान होता, पण तो बांधताना, बिघडताना व दुरुस्त करताना जे ज्ञान मिळाले ते आपल्या माणसांचे होते. याच वाटेने पुढे १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत सोडला. उसन्या मोठ्या बाणापेक्षा स्वतःच्या हाताने केलेला लहान बाण अधिक शिकवून जातो, हा थुंब्याचा धडा इयत्ता सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू पडतो.

बाटली कोणती घ्यावी?

महाराष्ट्रात सोड्याची बाटली म्हटली, की अनेकांच्या डोळ्यांसमोर गोटी असलेली जाड काचेची बाटली उभी राहते. या प्रयोगासाठी काचेची बाटली कधीही, कोणत्याही कारणाने वापरू नये. दाबाखाली काच फुटली तर तिचे तुकडे बंदुकीच्या छऱ्यांसारखे उडतात.

येथे अभिप्रेत आहे ती शीतपेयाची प्लास्टिकची बाटली. शीतपेयात कर्बवायू दाबाने विरघळविलेला असतो, म्हणून ही बाटली दाब सोसण्यासाठीच घडविलेली असते. तिचा तळ पाच पाकळ्यांसारख्या उंचवट्यांचा असतो. तीच तिची खूण. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली दिसावयास सारखी असली, तरी ती दाबासाठी केलेली नसते. ती टाळावी. बाटली नवी, ओरखडे नसलेली व उन्हात न पडलेली असावी. तिला खिळा, कात्री, काचकागद अथवा उष्ण डिंक लावू नये. कारण जेथे प्लास्टिक दुबळे होते तेथूनच बाटली फुटते. पंख जोडण्यासाठी चिकटपट्टी पुरेशी होते.

बाण उडतो कसा?

बाटलीत काही भाग पाणी असते व उरलेल्या भागात हवा. पंपाने हवा भरत गेले, की ती आवळलेल्या स्प्रिंगप्रमाणे शक्ती साठवून ठेवते. बूच निघाले, की ही हवा पाण्याला तोंडातून खाली ढकलते. पाणी वेगाने खाली जाते आणि त्याच जोराने बाटली वर ढकलली जाते. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील गतीचा तिसरा नियम तो हाच.

या जोराची कल्पना यावी म्हणून एक हिशेब पाहावा. बाटलीत दर चौरस इंचास ४० पौंड इतका दाब असेल, तर आरंभी पाणी ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने बाहेर पडते आणि बाटलीवर सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. पाण्यासह बाणाचे वजन मात्र अर्ध्या किलोग्रॅमच्या आतबाहेरच असते. पाणी संपावयास सेकंदाचा दहावा भागही पुरतो. बाण डोळ्याने टिपण्यापूर्वीच दिसेनासा होतो तो यामुळे. आणि त्यावर कोणी ओणवे होऊन पाहू नये, याचेही कारण हेच.

पाणी जमिनीवर आपटते व त्यामुळे बाण वर जातो, अशी मुलांची समजूत असते. या समजुतीबद्दल मुलास हसू नये. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या मातब्बर दैनिकाने १९२० साली अग्रलेख लिहून, निर्वात पोकळीत बाणाला रेटा देण्यासाठी काहीच नसते, असे म्हणत रॉबर्ट गॉडर्ड या संशोधकाची खिल्ली उडविली होती. गॉडर्डने १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनावरील पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद हवेत होता व सुमारे साडेबारा मीटर उंच गेला. दैनिकाने आपली चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजी, म्हणजे अपोलो-११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. जी गोष्ट संपादकांना पटावयास ४९ वर्षे लागली, ती मुलास एका पाठात पटली नाही तर नवल नाही. त्यासाठी त्याच्याच हातून परीक्षा करवून घ्यावी. बाण एकदा जमिनीलगतच्या चौथऱ्यावरून व एकदा उंच ठेवलेल्या चौथऱ्यावरून उडवावा. जमीन दूर गेली म्हणून बाण खाली राहत नाही, हे ते मूल स्वतःच सांगेल.

बांधणी

लागणारे साहित्य गावातच मिळू शकते. एक लिटरची बाटली, तोंडात घट्ट बसेल असे प्रयोगशाळेतील रबरी बूच, किमान पाच मीटर लांबीची दाब सोसणारी रबरी नळी, दाबमापक असलेला पायपंप, हवा सोडण्याची एक पितळी तोटी, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि थोडी शाडूची माती एवढे साहित्य पुरे. नळी व तोटी बसविण्याचे काम सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावे. मुलाने त्या वेळी त्याच्याजवळ बसून पाहावे. त्या दुकानात शिकण्यासारखे बरेच असते.

बुचाला मधोमध आरपार भोक पाडून त्यात नळीचे टोक पक्के बसवावे. हवा परत येऊ न देणारी झडप बुचात न बसविता नळीच्या पंपाकडील टोकाला बसवावी आणि हवा सोडण्याची तोटी झडपेच्या पुढे, नळीवरच ठेवावी. त्यामुळे बाण उडाला नाही तर त्याच्याजवळ न जाता, दुरूनच बाटलीतील दाब उतरविता येतो. तोटीतून थोडे पाणी बाहेर येते, त्याने काही बिघडत नाही.

पुठ्ठ्याचे तीन सारखे पंख कापून ते बाटलीच्या मानेकडील बाजूस समान अंतरावर लावावेत. पुठ्ठा भिजू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. बाटलीचा तळ उड्डाणाच्या वेळी वर येतो. तेथे कागदाचा बोथट शेंडा करून आत मऊ शाडूचा गोळा बसवावा. टोक अणकुचीदार करू नये आणि त्यात खिळे, खडे वा लोखंड घालू नये. तीन विटा त्रिकोणात मांडून त्यांवर पंख टेकवावेत आणि बाण उभा राहावा म्हणून बाजूने बांबूच्या तीन काठ्या जमिनीत रोवाव्यात. नळी विटांमधून बाहेर काढावी.

बाण सरळ जाईल किंवा नाही, हे उडविण्यापूर्वीच पाहता येते. रिकाम्या बाणाला ज्या जागी दोरी बांधली असता तो आडवा तोलून राहतो, तेथे दोरी पक्की करून तो डोक्याभोवती गोल फिरवावा. शेंडा पुढे ठेवून फिरला तर बाण ठीक आहे. मागे-पुढे डोलला किंवा उलटा फिरला तर शेंड्यातील माती वाढवावी अथवा पंख मोठे करावेत. ही परीक्षा मुलानेच करावी. मोठ्याने पहिल्याच प्रयत्नात माती बरोबर भरून दिली, तर शिकण्याची एक संधी वाया जाते.

सुरक्षिततेचे नियम

या बाबतीत मुलावर काहीही सोपवू नये. येथे मोठ्यांचा शब्द अखेरचा असावा.

१. उड्डाणाचे मैदान मोकळे असावे. जवळ विजेच्या तारा, रस्ता, घरे, गुरे अथवा गवताच्या गंजी नसाव्यात. वारा जोराचा असल्यास उड्डाण पुढे ढकलावे. सकाळची वेळ सर्वांत चांगली.

२. बाटली प्रथम पाण्याने पूर्ण भरून तिच्यावर दाब देऊन पाहावा. बूच निसटू नये म्हणून ही परीक्षा कारागिराच्या मदतीने, बूच पक्के बांधून करावी. पाणी फारसे आकुंचन पावत नाही, त्यामुळे अशा वेळी बाटली फुटली तरी केवळ पाणी सांडते. हवेने भरलेली बाटली फुटली तर स्फोट होतो.

३. दाब दर चौरस इंचास ४० पौंडांच्या वर कधीही नेऊ नये. तेवढ्या दाबाला बूच निघाले नाही, तर पंप थांबवून तोटी उघडावी.

४. पंप मारणाऱ्या व्यक्तीने नळीच्या पूर्ण लांबीवर उभे राहावे व डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा. बाकीच्यांनी किमान १० मीटर अंतरावर, आखलेल्या रेषेमागे राहावे. बाण माणसाच्या दिशेने कधीही रोखू नये.

५. दाब भरलेल्या बाणाजवळ कोणीही जाऊ नये. तो न उडाल्यास तर मुळीच नाही.

६. फटाक्यांची दारू, पेट्रोल, तसेच सोडा व आम्ल यांची मिश्रणे वापरू नयेत. त्यांतून निर्माण होणाऱ्या दाबावर कोणाचेही नियंत्रण राहत नाही.

७. बाटलीवर पांढुरक्या रेषा, पोचे वा चीर दिसताच ती कापून बाद करावी.

प्रश्न एक, उड्डाणे अठरा

बाण उडाला, टाळ्या पडल्या, इथे बहुतेकांचा प्रयोग संपतो. विज्ञानाच्या दृष्टीने तो येथे सुरू व्हावयास हवा. “सर्वांत उंच जाण्यासाठी पाणी किती भरावे?” एवढा एकच प्रश्न घेतला, तरी त्यात प्रयोगपद्धतीचे सारे मर्म येते.

एक लिटरच्या बाटलीत पाणी अनुक्रमे ०, १५०, ३००, ४५०, ६०० व ७५० मिलिलिटर घ्यावे आणि प्रत्येक मापासाठी तीन उड्डाणे करावीत. पाण्याखेरीज दुसरे काहीही बदलू नये. शेंड्यातील माती तीच, पंख तेच, उभे करण्याची रीत तीच. बूच किती आत दाबले यावर ते कोणत्या दाबाला निघेल हे ठरते, म्हणून बुचावर शाईची रेघ ओढून प्रत्येक वेळी रेघेपर्यंतच दाबावे आणि बाण सुटताना दाबमापकावर दिसलेला आकडा वहीत टिपावा. दाबात फार फरक पडलेले उड्डाण खोडून न टाकता त्यापुढे कारण लिहावे आणि ते पुन्हा करावे.

मुळातील १८ उड्डाणांना एकूण ६ लिटर ७५० मिलिलिटर पाणी लागते. एका बादलीहूनही हे कमी आहे, तेव्हा टंचाईच्या गावीही या प्रयोगाची अडचण वाटण्याचे कारण नाही. वापरलेले पाणी चालते आणि मैदानाच्या कडेला झाडे असतील तर चौथरा त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर ठेवून उरलेले पाणी त्यांना घालता येते.

पाणी नसताना हवा झटकन निघून जाते; ती इतकी हलकी असते की बाटलीला फारसा रेटा मिळत नाही. पाणी फार झाले तर बाण जड होतो आणि शक्ती साठविणाऱ्या हवेला जागा उरत नाही. म्हणून सर्वाधिक उंची मध्ये कोठेतरी, बहुधा एक तृतीयांश पाण्याच्या आसपास मिळते. शिक्षकांस हे ठाऊक असावे. परंतु मुलास ते आधी सांगू नये. आलेखावर चढत जाऊन पुन्हा उतरणारी रेषा त्याच्याच हातून उमटू द्यावी. “जितके जास्त तितके चांगले” हा समज त्या रेषेने जसा दूर होतो, तसा दहा व्याख्यानांनी होत नाही. पुढे खताच्या मात्रेचा किंवा पिकाच्या पाण्याचा विचार करतानाही त्यास ही रेषा उपयोगी पडेल.

उंची मोजण्याची रीत

यासाठी महागडे साधन लागत नाही. कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याच्या टोकाला एक नट लोंबकळत ठेवावा. गवंड्याच्या ओळंब्याचेच हे छोटे रूप होय. चौथऱ्यापासून ३० मीटर अंतरावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने कोनमापकाच्या सरळ कडेवरून बाणाचे सर्वोच्च स्थान न्याहाळावे व दोरा ९० अंशांच्या खुणेपासून किती सरकला ते पाहावे. तोच बाणाचा उन्नत कोन.

हा कोन ३० अंश असेल तर उंची सुमारे १७ मीटर, ४५ अंश असेल तर ३० मीटर आणि ६० अंश असेल तर सुमारे ५२ मीटर येते. यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवावी. त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलांनी आलेख कागदावर प्रमाण घेऊन त्रिकोण काढला, तरी उत्तर मिळते. दोन विद्यार्थ्यांनी दोन बाजूंनी कोन मोजून सरासरी घेतल्यास वाऱ्याने बाण कलल्यामुळे होणारी चूक कमी होते. मोजमापात चूक असतेच व ती ओळखून कमी करावयाची असते, हा संस्कार येथे आपोआप होतो.

मदत कोठे थांबवावी?

एवढ्यावरून मोठ्यांच्या कामाची वाटणी स्पष्ट होते. दाब, अंतर, मैदान आणि साहित्याची तपासणी ही जबाबदारी सर्वस्वी मोठ्यांची. रचना, मोजमाप, नोंद आणि अनुमान हे काम मुलांचे. बाण वाकडा गेला, तर “पंख तिरका लागला आहे” असे सांगण्याऐवजी “तो कोणत्या बाजूला गेला? त्या बाजूस काय वेगळे आहे?” असे विचारावे. उत्तर यावयास वेळ लागेल, तो द्यावा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. गटाने काम करताना पंप व बाण मुलांच्या हाती जातो आणि सुंदर अक्षर म्हणून वही मुलींकडे येते. ही विभागणी कोणी ठरवून केलेली नसते, पण ती मोडावी लागते ठरवूनच. बांधणी, पंप, कोनमापन व नोंद ही चारही कामे प्रत्येकाकडे पाळीपाळीने यावीत.

पंचायत व अधिकारी यांचा वाटा

ग्रामपंचायतीने अशा प्रयोगासाठी गायरानातील अथवा अन्य मोकळ्या जागेचा एक भाग एका सकाळपुरता उपलब्ध करून द्यावा व तेवढा वेळ तेथील वाट बंद ठेवावी. दाबमापक असलेला एक चांगला पंप व काही संरक्षक चष्मे घेतले, तर ते परिसरातील अनेक शाळांना वर्षानुवर्षे वापरता येतील. हारतुरे, भाषणे व पाहुण्यांच्या हस्ते उड्डाण यांचा मोह मात्र टाळावा. पाहुण्यांसाठी मुले तासभर ताटकळत राहिली, तर प्रयोगाचा सोहळा होतो आणि प्रयोग मागे पडतो.

प्रदर्शनाचे परीक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या व शिक्षकांच्या हाती याहून मोठी गोष्ट आहे. ज्याला बक्षीस मिळते, तसेच पुढील वर्षी सर्वत्र केले जाते. परीक्षकांनी प्रथम रंगीत तक्त्याकडे न पाहता मुलाची वही मागून घ्यावी. तीत फसलेली उड्डाणे आहेत काय, खाडाखोड आहे काय, कारणे लिहिली आहेत काय, हे पाहावे. मग तीनच प्रश्न विचारावेत : काय बदलले? काय तसेच ठेवले? काय अनपेक्षित आढळले? ज्याने स्वतः काम केले असेल ते मूल या प्रश्नांवर थांबणार नाही. बहुधा त्यालाच थांबवावे लागेल. साध्या पुठ्ठ्याचा डागाळलेला बाण अशा वेळी विकत आणलेल्या चकचकीत बाणाच्या पुढे जावा, एवढी दक्षता परीक्षकांनी घेतली, तर प्रदर्शनांचे स्वरूप हळूहळू पालटेल.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. हे कर्तव्य पाठ करून घेता येत नाही; त्याची सवय लावावी लागते. येत्या २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनापूर्वी प्रत्येक केंद्रातील निदान एका शाळेने ही अठरा उड्डाणे करून पाहावीत आणि मुलांनी काढलेला आलेख शाळेच्या भिंतीवर लावावा. शेजारच्या शाळेचा आलेख त्याहून वेगळा आला, तर ते वेगळे का आले याचा शोध घेण्याचे कामही मुलांवरच सोपवावे.